दाताचं माप: लगद्याच्या ट्रेपासून स्कॅनरपर्यंत

दाढेवर कॅप बसवायची असो, मधल्या रिकाम्या जागेत ब्रिज टाकायचा असो की वेडेवाकडे दात सरळ करायचे असोत, सुरुवात मापापासून होते. कॅप तोंडात घडत नाही, ती लॅबमध्ये घडते, आणि घडवणाऱ्या टेक्निशियनने बहुतेक वेळा पेशंटला पाहिलेलंही नसतं. त्याच्या दृष्टीने पेशंटचं तोंड म्हणजे टेबलावर आलेलं माप. मापात जे उतरलं तेवढंच त्याला दिसतं. जे सुटलं ते अंदाजाने भरून काढावं लागतं, आणि दातांच्या कामात अंदाज महागात पडतो.

माप घेण्याची जुनी रीत ज्यांनी सोसली आहे त्यांना ती वेगळी सांगायला नको. ट्रेमध्ये गार, चिकट लगदा भरतात आणि तो दातांवर दाबून बसवतात. लगदा टाळूवरून हळूहळू मागे सरकतो. उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं, लाळ हनुवटीवर ओघळते आणि डॉक्टर "नाकाने श्वास घ्या, झालंच आता" म्हणत ट्रे धरून उभे असतात. ती दोन-चार मिनिटं काही केल्या सरत नाहीत.

आता बऱ्याच दवाखान्यांत ट्रेऐवजी हातात धरायचा एक छोटा स्कॅनर आला आहे. त्याचं टोक तोंडात फिरतं आणि शेजारच्या स्क्रीनवर एकेक दात उमटत जातो. जाहिराती सांगतात की लगदा नाही, उमासा नाही. ते खरंच आहे. पण माझ्या मते तो दुय्यम फायदा आहे. मोठा बदल असा की मापातली चूक आता पेशंट खुर्चीवर असतानाच दिसते. पूर्वी ती कधी लॅबमध्ये कळायची, कधी कॅप बसवताना, आणि नशीब फारच वाईट असेल तर काही वर्षांनी, कॅपच्या कडेखाली दात किडल्यावर.

लगद्याचे लाड

लगदा हा शब्द मी सरसकट वापरला, पण त्यात निरनिराळे पदार्थ येतात. साध्या मापांसाठी, म्हणजे दातांची ठेवण तपासायचं मॉडेल किंवा रात्री लावायची पट्टी अशा कामांसाठी, अल्जिनेट वापरतात. तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थापासून ही पूड बनते आणि पाण्यात कालवली की काही मिनिटांत रबरी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिला भाव आला. त्याआधी मापासाठी अगर-अगर हा समुद्री शेवाळापासूनचाच जेलीसारखा पदार्थ वापरायचे आणि तो मुख्यतः जपानमधून यायचा. तो पुरवठा तुटल्यावर पर्याय शोधणं भागच होतं.

अल्जिनेट स्वस्त आणि सोपं, पण त्यात बहुतांश पाणीच. उघड्यावर राहिलं की सुकून आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं की फुगतं. म्हणून नेहमीच्या अल्जिनेटचं माप तोंडातून काढलं की दहा-पंधरा मिनिटांत त्यात प्लास्टर ओतावं असं शिकवतात. गर्दीच्या वेळी ते बेसिनशेजारी तासभर पडून राहिलं, तरी प्लास्टरचं मॉडेल तयार होतंच. दिसायलाही छान दिसतं. फक्त ते त्या पेशंटच्या दातांशी तंतोतंत जुळत नाही, आणि हे नुसतं बघून कोणालाच कळत नाही.

कॅप आणि ब्रिजसाठी सिलिकॉन वापरतात. जाड पुटी ट्रेमध्ये आणि पातळ लाइट बॉडी थेट दाताभोवती. हा पदार्थ बराच भरवशाचा आहे, त्याचा आकार दिवसच्या दिवस टिकतो. पण लाड त्याचेही आहेत. लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज घालून पुटी मळली तर लॅटेक्समधल्या गंधकामुळे ती नीट घट्टच होत नाही. दाताच्या कडेला लाळेचा किंवा रक्ताचा थेंब राहिला तर तिथे पोकळी पडते. ट्रे काढताना हात तिरका झाला तर कडेची पातळ झालर फाटते. मग या मापात प्लास्टर ओतायचं, जे घट्ट होताना किंचित फुगतं. त्या प्लास्टरवर मेणाची कॅप घडवायची, मेण थंड होताना आकसतं. मेणाच्या जागी धातू ओतायचा, तोही आकसतो. हे फुगणं आणि आकसणं एकमेकांत जिरवून शेवटी दातावर चपखल बसेल अशी कॅप काढणं हे टेक्निशियनचं कसब. म्हणून या पद्धतीला ओबडधोबड म्हणणं अन्यायाचं आहे. चांगल्या हातात ती आजही उत्तम काम देते.

तिचा वारसाही जुना आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ साली आपल्या पुस्तकात मऊ केलेल्या मेणात जबड्याचं माप घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची कृती दिली होती. पुढची दोनशे वर्षं पदार्थ बदलत गेले, कृती तीच राहिली. तोंडात काहीतरी मऊ दाबायचं, घट्ट होऊ द्यायचं, उपटून काढायचं आणि त्यात दुसरं काहीतरी ओतायचं.

हात न लावता माप

दाताला न टेकता, नुसत्या प्रकाशाने त्याचं माप घेता येईल ही कल्पना फ्रेंच दंतवैद्य फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात मांडली. तेव्हाचे संगणक पाहता ती जरा पुढच्या काळातलीच होती. ती पेशंटपर्यंत पोहोचवली झुरिक विद्यापीठातल्या व्हेर्नर म्योरमान यांनी. त्यांना किडलेल्या दाढेतली पोकळी चिनी मातीच्या तुकड्याने, तेही एकाच बैठकीत भरायची होती. इंजिनिअर मार्को ब्रान्देस्तिनी यांना सोबत घेऊन त्यांनी कॅमेरा आणि चिनी मातीचा ठोकळा कोरणारं यंत्र एकत्र जोडलं आणि सप्टेंबर १९८५ मध्ये पहिल्या पेशंटच्या दाढेत असा तुकडा बसवला. सेरेक या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा अनेक पिढ्या ओलांडून आजही वापरात आहे.

सुरुवातीच्या स्कॅनरची एक गंमत होती. दात चकाकतो, शिवाय थोडा पारदर्शकही असतो. प्रकाश काही प्रमाणात आत शिरतो, काही प्रमाणात भलतीकडे परततो. म्हणून स्कॅन करण्याआधी दातांवर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर फवारावी लागे. पावडर एका जागी जाड बसली की मापही तिथे जाड. पेशंटने जीभ फिरवली की पुन्हा पहिल्यापासून. साधारण २०१० नंतर पावडर न लागणारे, रंगीत चित्र दाखवणारे स्कॅनर आले आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने रोजच्या कामात शिरली.

आता हे यंत्र अंतर कसं ओळखतं ते पाहू. सगळे स्कॅनर प्रकाश टाकतात आणि परत आलेला प्रकाश वाचतात, पण वाचायच्या तऱ्हा वेगळ्या. एका तऱ्हेत दातावर प्रकाशाच्या बारीक रेघा पाडतात आणि कॅमेरा थोड्या बाजूने त्या पाहतो. सपाट जागी रेघ सरळ दिसते, दाढेच्या खळग्यात उतरली की वाकते. प्रकाशाची जागा, कॅमेऱ्याची जागा आणि दोन्हींमधलं अंतर माहीत असल्यामुळे रेघ किती वाकली यावरून तो बिंदू किती खोल आहे हे त्रिकोणाच्या गणिताने निघतं. शाळेत शिकलेली भूमितीच ही, फक्त सेकंदाला असंख्य वेळा केलेली.

दुसऱ्या तऱ्हेत फोकसचा उपयोग करतात. भिंग एका क्षणी एकाच खोलीवरची गोष्ट स्पष्ट टिपतं. स्कॅनर हा फोकस अतिशय वेगाने पुढे-मागे सरकवतो आणि प्रत्येक बिंदू कोणत्या खोलीवर सगळ्यात स्पष्ट दिसला याची नोंद ठेवतो. ती खोली म्हणजेच त्या बिंदूचं अंतर. बाजारातल्या प्रसिद्ध स्कॅनरपैकी बरेच या दोहोंपैकी एक तऱ्हा किंवा तिचा काहीतरी सुधारलेला अवतार वापरतात. पेशंटला यातला फरक कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. यात क्ष-किरण मुळीच नसतात, साधा प्रकाश असतो, हे मात्र माहीत असलेलं बरं, कारण गरोदर बायका नेमका हाच प्रश्न विचारतात.

जोडणीची मेख

स्कॅनरच्या टोकाला एका वेळी साधारण एक-दोन दातांएवढाच भाग दिसतो. संपूर्ण जबडा एका झलकेत टिपणारा स्कॅनर तोंडात मावणारच नाही. त्यामुळे स्कॅनर हलत असताना शेकडो, हजारो छोटी चित्रं घेतो आणि सॉफ्टवेअर ती एकमेकांना जोडत जातं. जोडायचं कसं? आधीच्या चित्रातला जो भाग नव्या चित्रातही आला आहे, त्यातले उंचवटे आणि खळगे जुळवून. दाढांवर असे उंचवटे भरपूर असतात, म्हणून तिथे जोड पक्का बसतो. समोरचे पटाशीचे दात गुळगुळीत आणि पातळ. तिथे सॉफ्टवेअर चाचपडतं.

आणि प्रत्येक जोडात थोडी चूक राहतेच. लांबलचक अंगण सहा इंची पट्टीने मोजायला घेतलं तर दर वेळी पट्टी उचलून ठेवताना केसभर इकडे-तिकडे होतं; चार-सहा वेळा ठेवण्यात काही बिघडत नाही, पण टोकापर्यंत पोहोचताना बेरीज बरीच मोठी होते. स्कॅनचंही तसंच. एका दाढेपुरतं, अगदी तीन-चार दातांपुरतं माप उत्तम येतं. डाव्या अक्कलदाढेपासून उजव्या अक्कलदाढेपर्यंत अख्खा जबडा म्हटला की टोकाकडे फरक वाढत जातो.

म्हणून स्कॅनर कसाही फिरवून चालत नाही. बहुतेक कंपन्या ठराविक वाट आखून देतात. बऱ्याचदा ती अशी असते: आधी दाढांच्या चावायच्या पृष्ठभागावरून सरळ पुढे, मग जिभेकडची बाजू, मग गालाकडची. पहिल्या फेरीत पाया तयार होतो आणि पुढच्या फेऱ्या त्यावर टेकतात. अधूनमधून टोक किंचित डोलवायचं, म्हणजे समोरच्या दातांच्या दोन्ही बाजू एकाच चित्रात येतात आणि जोड पक्का होतो. शिकाऊ हाताने तोच महागडा स्कॅनर वाईट माप देतो, आणि सरावलेला हात जुन्या मॉडेलमधूनही छान माप काढतो. यंत्र विकणारे हे फारसं सांगत नाहीत.

वरचा जबडा, खालचा जबडा, आणि शेवटी दात मिटलेल्या अवस्थेत गालाच्या बाजूने एक छोटं स्कॅन. या तिसऱ्या स्कॅनवरून दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात हे सॉफ्टवेअरला कळतं. पूर्वी यासाठी मेणाची पट्टी चावायला देत. मेण मऊ, शिवाय ते चावताना पेशंटचा जबडा पुढे सरकलेला असायचा आणि मग तयार कॅप नेमकी तिथेच उंच लागायची.

एका दाढेचं स्कॅन, जवळून

रूट कॅनाल झालेली खालची पहिली दाढ घेऊ. कॅपसाठी ती चहूबाजूंनी घासून लहान केली आहे. या दाढेवर कॅपच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची जागा म्हणजे हिरडीलगतची कड, जिथे घासलेला भाग संपतो आणि न घासलेला सुरू होतो. डॉक्टर आणि टेक्निशियन तिला मार्जिन म्हणतात. कॅपची किनार इथे टेकते. इथे फट राहिली की सिमेंट झिजतं, अन्न अडकतं, जंतू घर करतात. किती फट चालेल? १९७१ साली मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी हजाराहून अधिक कॅप आणि इनलेंचा (दाताच्या पोकळीत बसवायच्या घडीव तुकड्यांचा) पाच वर्षं अभ्यास करून १२० मायक्रॉन ही मर्यादा सुचवली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आजही या विषयावरचे निबंध याच आकड्याशी तुलना करतात.

तर दाढ घासून झाली. मार्जिन हिरडीच्या किंचित खाली आहे. डॉक्टर औषधात भिजवलेला बारीक धागा हिरडी आणि दाताच्या मधल्या खाचेत बोथट पात्याने दाबून बसवतात. चार-पाच मिनिटांनी धागा काढला की हिरडी थोडी बाजूला सरकलेली असते आणि कड उघडी पडते. सक्शन लावलं, कापूस ठेवला, खुर्चीवरचा मोठा दिवा बाजूला वळवला, कारण त्याचा झगझगीत उजेड स्कॅनरच्या प्रकाशात लुडबुड करतो. मग स्कॅनर आत. त्याच्या टोकातला आरसा गरम ठेवलेला असतो, नाहीतर श्वासाच्या वाफेने तो धुरकट झाला असता.

स्क्रीनवर दाढ उमटते. मागच्या बाजूला, शेजारच्या दाढेच्या सांध्यापाशी, एक भोक दिसतं: तिथलं माप आलेलं नाही. डॉक्टर स्कॅनर तिरका करतात, भोक बुजतं. मग चित्र मोठं करून मार्जिनवरून नजर फिरवतात. तीन बाजूंना ती धारदार रेघेसारखी स्वच्छ आहे, जिभेच्या बाजूला मात्र दोनेक मिलिमीटर विरघळल्यासारखी. तिथे लाळ साचली होती. लाळेतून जाताना प्रकाश वाकतो आणि स्कॅनर लाळेच्या पृष्ठभागालाच दात समजतो. हवेच्या फवाऱ्याने जागा कोरडी करायची, तेवढाच तुकडा स्क्रीनवरून पुसायचा आणि तेवढाच पुन्हा स्कॅन करायचा. सिलिकॉनचं माप असतं तर हा दोष भिंगातून शोधावा लागला असता, आणि सापडला तर पूर्ण माप पहिल्यापासून. उलट्या साच्यातली बारीक त्रुटी थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसली तरी पेशंटला पुन्हा लगदा भरवायचा जीवावर येतं. "लॅबवाला सांभाळून घेईल" हे वाक्य तिथेच जन्माला येतं.

मग मिटलेल्या दातांचं स्कॅन. सॉफ्टवेअर दाढेवर रंग चढवतं: वरच्या दातापर्यंत पुरेशी जागा आहे तिथे एक रंग, कमी आहे तिथे दुसरा. एका उंचवट्यावर इशाऱ्याचा रंग दिसतो. कॅपला जेवढी जाडी हवी तेवढी जागा तिथे नाही. डॉक्टर तो उंचवटा किंचित घासतात, तेवढा भाग पुन्हा स्कॅन करतात, रंग बदलतो. हे आत्ता कळलं नसतं तर टेक्निशियनने एकतर कॅप पातळ केली असती, जी पुढे तडकली असती, किंवा दवाखान्यात फोन करून पेशंटला परत बोलवायला सांगितलं असतं.

अचूक म्हणजे किती

एक-दोन कॅप किंवा छोटा ब्रिज यासाठी डिजिटल माप सिलिकॉनच्या तोडीचं, कित्येकदा त्याहून सरस येतं, हे आता बऱ्यापैकी मान्य झालं आहे. खरी चर्चा अख्ख्या जबड्याची आहे. पट्टीच्या उदाहरणातली बेरीज तिथे आडवी येते आणि तोंडाबाहेरच्या चाचण्यांत जुनं माप बऱ्याचदा वरचढ ठरतं.

त्यात खालच्या जबड्याची एक खोड आहे. तोंड मोठं उघडलं की खालचा जबडा दोन्ही बाजूंनी किंचित आत वाकतो, मागच्या दाढा एकमेकींजवळ येतात. हाड ताठ आहे असं आपण समजतो, पण स्नायूंच्या ओढीने ते लवतं. आ वासून घेतलेलं माप, मग ते लगद्याचं असो की प्रकाशाचं, त्या लवलेल्या जबड्याचं असतं.

नैसर्गिक दातांच्या बाबतीत थोडाफार फरक खपतो. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, मध्ये तंतूंचा पातळ थर असतो, त्यामुळे दात कित्येक मायक्रॉन सहज हलू शकतो आणि किंचित चुकलेल्या ब्रिजशी जुळवून घेतो. इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेला कृत्रिम खुंट, हाडातच घट्ट रुतलेला. तो जवळपास हलतच नाही. चार-सहा इम्प्लांटवर एकच अखंड पट्टी बसवायची असेल आणि मापात चूक असेल, तर स्क्रू आवळताना सगळा ताण इम्प्लांट आणि हाडावर येतो. इम्प्लांटची नेमकी जागा टिपण्यासाठी त्यावर स्कॅन बॉडी नावाचा ठरावीक आकाराचा खुंट बसवतात. त्याचा आकार सॉफ्टवेअरला आधीच माहीत असतो, त्यामुळे थोडा भाग दिसला तरी बाकीचा ते ओळखतं. एक-दोन इम्प्लांटसाठी हे झकास चालतं. अख्ख्या जबड्याच्या इम्प्लांटसाठी काही ठिकाणी फोटोग्रामेट्री वापरतात, म्हणजे तोंडाबाहेरच्या कॅमेऱ्यांनी सगळ्या खुंटांची परस्पर जागा एकत्रच टिपायची. जोडाजोडीचा प्रश्नच टळतो.

माप गेलं, पुढे?

स्कॅनमधून आधी बिंदूंचा ढग तयार होतो, मग ते बिंदू जोडून लाखो चिमुकल्या त्रिकोणांची जाळी. ही जाळी बहुधा एसटीएल नावाच्या फाइलमध्ये साठवतात. हे स्वरूप १९८७ मध्ये थ्री-डी प्रिंटिंगसाठी बनवलं गेलं होतं आणि फारच साधं आहे: त्यात फक्त त्रिकोण असतात, रंग नसतो, मिलिमीटर की इंच हेही लिहिलेलं नसतं. दाताचा आणि हिरडीचा रंग हवा असेल तर पीएलवायसारखं दुसरं स्वरूप घ्यावं लागतं. मार्जिन ओळखायला रंगाची मोठी मदत होते.

फाइल काही क्षणांत लॅबमध्ये पोहोचते. टेक्निशियन स्क्रीनवर मार्जिनची रेघ आखतो, सॉफ्टवेअर कॅपचा आकार सुचवतं, तो त्यात आपल्या नजरेने फेरफार करतो. नजर इथेही सुटलेली नाही. मग यंत्र झिरकोनिया या पांढऱ्या, टणक सिरॅमिकच्या चकतीतून कॅप कोरतं. झिरकोनिया पक्का झाल्यावर इतका कठीण होतो की तेव्हा कोरणं अवघड, म्हणून तो कच्च्या, खडूसारख्या अवस्थेत कोरतात आणि नंतर भट्टीत साधारण १५०० अंश सेल्सिअसला भाजतात. भाजताना तो २० ते २५ टक्के आकसतो. त्यामुळे यंत्र कॅप मुद्दाम तेवढी मोठी कोरतं. आकसणं इथेही आहेच, पण ते चकतीगणिक मोजून दिलेलं असतं, कोणाच्या हातगुणावर सोडलेलं नसतं.

याचा एक उलटा परिणाम खुर्चीपर्यंत येतो. कोरणाऱ्या हत्याराच्या टोकाला स्वतःची जाडी असते, त्यापेक्षा बारीक कोपरा त्याला आतून कोरता येत नाही. घासलेल्या दाढेवर टोकदार धार राहिली तर यंत्र त्या धारेभोवती जादा पोकळी कोरून मोकळं होतं आणि कॅप तिथे सैल राहते. म्हणून या पद्धतीत दाढेचे सगळे कोपरे गोलसर घासावे लागतात. माप घ्यायची रीत बदलली आणि दात घासायची रीतही बदलावी लागली.

प्लास्टरचं मॉडेल कित्येक कामांत लागतच नाही. हवं असेल तर रेझिनमध्ये प्रिंट करतात. दात सरळ करणाऱ्या पारदर्शक पट्ट्या, म्हणजे अलायनर, तर याच वाटेने वाढले. १९९९ मध्ये आलेल्या इन्व्हिसलाइनची सुरुवात सिलिकॉनच्या मापांनीच झाली होती. ती मापं कंपनीकडे पाठवायची आणि तिथे त्यांचं स्कॅन व्हायचं. आता थेट तोंडाचं स्कॅन जातं. प्रत्येक टप्प्यावर दात साधारण पाव मिलिमीटर हलवलेलं एकेक मॉडेल प्रिंट करून त्यावर प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम करून बसवतात.

कुठे जमतं, कुठे अडतं

दुभंगलेल्या टाळूसह जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत मला हे तंत्र सगळ्यात मोलाचं वाटतं. ऑपरेशनआधी टाळूच्या दोन भागांना जवळ आणण्यासाठी बाळाच्या टाळूत एक पट्टी बसवतात, आणि तिच्यासाठी काही दिवसांच्या बाळाच्या तोंडाचं माप घ्यावं लागतं. लगदा श्वासनलिकेत अडकण्याची भीती असल्याने हे माप घेताना सगळी तातडीची तयारी जवळ ठेवावी लागते. स्कॅनरचं टोक बाळाच्या तोंडाला मोठं पडतं खरं, पण ते कुठल्याही क्षणी बाहेर काढता येतं. अर्धवट राहिलेलं स्कॅन तिथूनच पुढे सुरू होतं. उमासे येणाऱ्या मोठ्या माणसांनाही हाच दिलासा: थांबा म्हटलं की थांबता येतं.

अडतं ते हिरडीच्या खाली. प्रकाश सरळ जातो, तो रक्तातून किंवा मांसातून पलीकडचं पाहू शकत नाही. पातळ सिलिकॉन फटीत थोडं तरी शिरतं, स्कॅनरला जे दिसत नाही ते नाहीच. मार्जिन खोल असेल, हिरडी सुजून रक्त येत असेल तर महागडा स्कॅनरही हात टेकतो. आधी हिरडी बरी करायची, मग माप. चकचकीत धातूच्या जुन्या कॅपही त्रास देतात.

कवळीचं गणित आणखी वेगळं. दात नसलेली हिरडी गुळगुळीत, ओली आणि हलणारी असते, जोडणीसाठी खुणाच मिळत नाहीत. शिवाय कवळी बसते ती हिरडी नुसती पडून असताना नव्हे, तर ओठ, गाल आणि जीभ हलत असताना. तिच्या कडा त्या हालचालीला धरून घडवाव्या लागतात, आणि त्यासाठी मऊ पदार्थ तोंडात घेऊन पेशंटकडून ओठ-गाल हलवून घेण्याला अजून तोड नाही. इथे मधला मार्ग चालतो: माप जुन्या पद्धतीने घ्यायचं आणि ते माप स्कॅन करायचं. छान बसलेली जुनी कवळी असेल तर तिचंच स्कॅन करून नवी बनवता येते, आणि एकदा फाइल झाली की कवळी तुटली किंवा हरवली तरी पुन्हा मापासाठी बसावं लागत नाही.

तोंडात घालायचं टोक दोन पेशंटच्या मध्ये ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक व्हायला हवं किंवा एकदाच वापरून फेकायचं हवं. ही गोष्ट पेशंटने खुशाल विचारावी. स्कॅनरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं मोजणं बरोबर आहे ना याची जुळवणी, हेही ठरलेल्या वेळी करावं लागतं, नाहीतर तो सुबक दिसणारं चुकीचं माप देतो.

फाइल कोणाजवळ

प्लास्टरची मॉडेलं कपाटं भरून टाकतात, त्यांचे टवके उडतात आणि काही वर्षांनी ती फेकली जातात. फाइल राहते. तिचा उपयोग फक्त त्या एका कॅपपुरता नाही. दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन स्कॅन एकमेकांवर ठेवली की कुठला दात झिजला, हिरडी कुठे खाली सरकली, तारा काढल्यानंतर कोणता दात पुन्हा वळायला लागला हे रंगांत दिसतं. रात्री दात खाणाऱ्या माणसाला "दात झिजतायत" असं दहा वेळा सांगून पटत नाही, हे चित्र पाहिल्यावर तो निमूटपणे पट्टी लावतो. काही नवे स्कॅनर त्याच फेरीत डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाने दातांमधल्या फटीतली सुरुवातीची कीडही दाखवतात. हाडाची आणि मुळाची स्थिती पाहायला मात्र एक्स-रे लागतोच.

आणि पुढे कधी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ही फाइल हाताशी असलेली बरी. एक्स-रे मागून घेतो तशी तीही मागून घ्यावी. लॅबसाठीचं एसटीएल आणि रंग हवा असल्यास पीएलवाय असं दोन्ही मागावं. दोन्ही जबडे आणि मिटलेल्या दातांचं स्कॅन, असं तिन्ही त्यात आहे ना हे तपासावं, कारण जबड्यांची एकमेकांवरची बैठक फाइलमध्ये नसेल तर नव्या डॉक्टरांना तेवढ्यासाठी पुन्हा स्कॅन करावं लागतं. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो घरच्यांना दाखवायला ठीक, त्यावर कॅप बनत नाही.